सांध्यातलं पाणी

सरबताचा एक पारदर्शक पेला माझ्या ओट्यावर उभा होता. दिसायला नेहमीच्या प्लास्टिकसारखाच, पण बुडाशी बारीक अक्षरांत ‘पीएलए’ असं उमटवलेलं. पीएलए म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून केलेलं प्लास्टिक. मी त्यात मुद्दाम उकळता चहा ओतला. दोन-चार क्षण काहीच झालं नाही. मग काठ एका बाजूला कलला, पोट सुटलं आणि पेला मटकन खाली बसला. चहा ओट्यावर. थंड झाल्यावर तो त्याच वाकड्या आकारात पुन्हा टणक झाला. सरळ करायला गेले, तर तडकन चिरला.

या प्लास्टिकचे दोन्ही दोष त्या एका पेल्यात दिसले. ५५ ते ६० अंश सेल्सिअसला ते मऊ पडतं, आणि थंड असताना ठिसूळ असतं. ओढलं तर शंभरात पाच-सहा भागही लांबत नाही, तुटतं. एरवी ते चांगलं ताठ आहे, नेहमीच्या पॉलिस्टायरिनच्या तोडीचं. पण खुर्चीचा हात, मोटारीच्या दाराच्या आतलं अस्तर, ड्रोनचं अंग अशा कामांना त्याला कोणाची तरी साथ लागते. काच ही साथ देऊ शकते. मात्र काच आणि हे प्लास्टिक यांचा संसार लावून देणं सोपं नाही, कारण दोघांच्या मध्ये नेहमी एक तिसरा येऊन बसतो. तो म्हणजे पाणी. या प्रकरणात सगळीकडे त्याचीच गाठ पडणार आहे.

लॅक्टिक आम्ल आपल्या घरातलंच. दह्याला आंबटपणा त्याचा. कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून ते वेगळं काढलं. या आम्लाच्या रेणूला दोन टोकं असतात आणि एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला जुळू शकतं. जुळताना दर सांध्यामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. असे हजारो रेणू एका माळेत आले की ते प्लास्टिक. पुढे नायलॉनमुळे प्रसिद्ध झालेल्या वॉलेस कॅरदर्स यांनी १९३२ च्या सुमारास अशा माळा जोडून पाहिल्या, पण त्या आखूड राहिल्या आणि फारशा कामाच्या ठरल्या नाहीत. त्यातच एक खोड होती. जो सांधा पाणी बाहेर टाकून जुळतो, तो पाणी परत आलं की सुटतो.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर हीच खोड गुण ठरली. ‘विरघळणारे टाके’ आपण सहज म्हणतो. १९७० च्या दशकात आलेला व्हिक्रिल हा धागा लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लाच्या माळेचा असतो. जखम भरेपर्यंत तो धरून ठेवतो आणि शरीरातलं पाणी त्याचे सांधे एकेक करून सोडवत जातं. पीएलएचं ‘विघटन’ म्हणतात त्याची पहिली पायरी हीच. जंतू नंतर येतात. पाण्याने माळेचे तुकडे पुरेसे बारीक केल्यावरच ते त्यांच्या घशाखाली उतरतात.

उसाच्या प्रदेशाला या रसायनात रस असणं साहजिक आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला लॅक्टिक आम्लापासून पीएलएपर्यंतची सगळी साखळी दाखवणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. खंडोबाच्या भंडाऱ्याच्या गावात साखरेचं प्लास्टिक होतं, ही गोष्ट मला मनापासून आवडते.

पण या मालाबरोबर काम करणाऱ्याला पाण्याची खोड पहिल्याच दिवशी छळते. भोसरीतल्या एका लहान मोल्डिंग कारखान्यात मी जुलै महिन्यात गेले होते. यंत्रावरच्या कामगाराने साच्यातून निघालेली पट्टी हातात दिली आणि म्हणाला, “मोडून बघा, मॅडम.” दोन बोटांत धरली आणि बिस्किटासारखी मोडली. दाणा तोच, साचा तोच. फक्त आदल्या रात्री गोणीचं तोंड उघडं राहिलं होतं आणि बाहेर पाऊस होता. पीएलएचा दाणा यंत्रात घालण्यापूर्वी इतका सुकवावा लागतो की त्यात १० लाख भागांत २५० भागांहून जास्त पाणी उरता कामा नये. २५ किलोच्या गोणीत हे सहा ग्रॅम भरतं, चमचाभर म्हणा. त्याहून जास्त असलं की यंत्राच्या २०० अंशांच्या पोटात ते पाणी माळा तोडत सुटतं. जे काम कंपोस्टच्या ढिगात काही आठवड्यांनी व्हायचं, ते स्क्रूच्या नळीत दोन मिनिटांत होतं.

आता काचेकडे येऊ. प्लास्टिकमध्ये काच घालायची म्हटली की तंतू डोळ्यांपुढे येतात. ते ताकद देतात, पण काच जड असते. पाण्याची घनता १ धरली तर पीएलएची १.२४ आणि काचेची अडीचच्या वर. शंभर भाग आकारमानात वीस भाग भरीव काच घातली की मिश्रण १.५० वर जातं. हलकेपणासाठी धडपडणाऱ्याला हे परवडत नाही. म्हणून काही जण काचेचे पोकळ मणी घेतात. ‘मणी’ हा शब्दही त्यांना जड होतो, त्यांना फुगेच म्हणावं. हे फुगे करण्याची रीत अशी: काचेत थोडं सल्फेट मिसळून तिची बारीक पूड करतात आणि ती ज्वाळेतून सोडतात. कण वितळतो त्याच क्षणी आत वायू सुटतो, कण फुगतो आणि खाली पडता पडता थिजतो. तव्यावर फुलका टम्म फुगावा तसा, फक्त केसाच्या जाडीच्या चौथ्या भागाएवढा. व्यास २० मायक्रॉन आणि घनता ०.६० असलेल्या फुग्याचं भिंतीचं गणित केलं, तर जाडी एक मायक्रॉनसुद्धा भरत नाही.

चमचाभर फुगे बशीत घेतले तर मैदा वाटतो. पण बशी कलती केली की ते पाण्यासारखे वाहतात, कारण प्रत्येक कण गोल असतो. फुंकर घातली की खोलीभर उडतात. नाका-तोंडाला मास्क बांधल्याशिवाय त्यांना हात लावू नये. पाण्यात टाकले की सगळे वर. आपल्याकडे औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या तळ्यांवर असेच पोकळ कण तरंगताना सापडतात. कोळशातली माती भट्टीत वितळून फुगते आणि ते तयार होतात. ते राखाडी असतात आणि त्यांची भिंत जाड असते, पण कूळ एकच.

वीस भाग भरीव काचेऐवजी वीस भाग हे फुगे घातले की मिश्रणाची घनता १.११ वर येते. शुद्ध पीएलएपेक्षाही दहा टक्क्यांनी हलकं, आणि ताठपणात कमी नाही. फुगे दाबाने फुटतील ही भीती खरी आहे, पण त्यांच्या प्रती वेगवेगळ्या असतात. ०.१२५ घनतेचे अतिहलके फुगे चौरस सेंटीमीटरला सतरा-अठरा किलोच्या दाबालाच चिरडतात. ०.६० घनतेचे दणकट फुगे जवळपास दोन टन सोसतात. मार्च २०१२ मध्ये जेम्स कॅमेरॉन मरियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ ११ किलोमीटर खोल, ज्या पाणबुडीतून उतरले, तिला परत वर आणणारा भक्कम फेस अशाच फुग्यांचा आणि राळेचा होता. मोल्डिंगवाला म्हणून दोन काळज्या घेतो. दणकट प्रत निवडतो, आणि फुगे दाण्याबरोबर मागून न घालता, प्लास्टिक पूर्ण वितळल्यावर नळीच्या पुढच्या भागात बाजूने सोडतो. किती वाचले हे कळायला मालाचा तुकडा भट्टीत जाळून प्लास्टिक उडवून देतात आणि उरलेली पांढरी राख पाण्यात टाकतात. तरंगली ती शाबूत, बुडाली ती फुटलेली. या कामातली मला सर्वांत आवडणारी चाचणी हीच आहे.

पण एवढं करून केलेली पट्टी ओढून तोडली, तर बरेचदा साध्या पीएलएपेक्षा कमी जोरात तुटते. कारण समजायला चिक्की मोडून पाहावी. गूळ चांगला चिकटलेला असेल तर मोड दाण्यातून जाते आणि कडेला कापलेला दाणा दिसतो. दाणा तेलकट असला तर मोड त्याला वळसा घालते. दाणा अख्खा निघतो, गुळात त्याची गुळगुळीत खळगी राहते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काचभरल्या पीएलएची मोड पाहिली तर अशाच खळग्या दिसतात, आणि त्यांच्या शेजारी अंगावर प्लास्टिकचा एक कणही न लागलेले स्वच्छ, चकचकीत फुगे. म्हणजे प्लास्टिकने त्यांना धरलेलंच नव्हतं. ओढ लागताच प्रत्येक फुग्याभोवती पोकळी तयार झाली आणि भेग एका पोकळीतून दुसरीत धावली.

इथे तेलकटपणाची जागा पाणी घेतं. काच वरून कोरडी दिसली तरी तिच्या पृष्ठभागावर सिलिकॉनला चिकटलेले ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट दाटीने उभे असतात, आणि ते हवेतलं पाणी ओढून अंगावर पातळ थर धरून ठेवतात. पीएलए या ओल्या काचेवर नीट पसरत नाही. मुळात पृष्ठभाग किती आहे, हेही पाहायला हवं. वर म्हटलेल्या २० मायक्रॉनच्या एक किलो फुग्यांचा पृष्ठभाग सुमारे ५०० चौरस मीटर भरतो. जवळजवळ पाच गुंठे. पिशवीभर पांढऱ्या पुडीत पाच गुंठे ओली जमीन दडलेली असते.

काचेवरच्या पाण्याचा त्रास १९४० च्या दशकात अमेरिकेत ठळकपणे लक्षात आला. काचतंतू आणि पॉलिएस्टर राळेपासून केलेले भाग तेव्हा नवे होते. कोरडे असताना ते फार मजबूत असत, पण दमट हवेत किंवा पाण्यात राहिले की ताकद झपाट्याने घसरे. तंतूच्या कडेने पाणी आत शिरून राळेला काचेवरून सोडवत होतं. अमेरिकी नौदलासाठी काम करताना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या राल्फ विट आणि सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये दाखवलं, की काचेला आधी सायलेन वर्गातल्या रसायनाचा हात दिला तर भिजल्यावरही ताकद बरीच टिकते. पुढे डाऊ कॉर्निंग कंपनीत एडविन प्लुडमन यांनी या रसायनांवर आयुष्यभर काम केलं.

सायलेनचा रेणू दुभाष्यासारखा असतो. त्याच्या एका बाजूला सिलिकॉन आणि त्याला तीन फांद्या, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकशी जमणारा गट. अल्कोहोल आणि थोडं पाणी यांच्या मिश्रणात तो घातला की पाणी त्या तीन फांद्या तोडतं, आणि तिथे काचेवर असतात तसेच गट तयार होतात. हे गट काचेवरच्या गटांशी हातमिळवणी करतात. मग फुगे गाळून शंभर-एकशे दहा अंशांवर तापवले की मधलं पाणी निघून जातं आणि सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा पक्का सांधा तयार होतो. म्हणजे हे लग्न लावायला पाणीच भटजी लागतं, आणि लग्न लागल्यावर त्याला घराबाहेर काढावं लागतं.

लागतं किती? फुग्यांच्या वजनाच्या एक टक्का घेतलं तर किलोला १० ग्रॅम. म्हणजे दोन चमचे रसायन पाच गुंठ्यांवर पसरायचं. सारखं पसरलं तर थराची जाडी २० नॅनोमीटर भरते. जास्त घातलं तर जास्त मजबूत असं होत नाही. सायलेनचे रेणू आपसातच जुळून जाड, भुसभुशीत साय धरतात आणि मोड तिच्यातून जाते. कोणता सायलेन निवडायचा हाही नाजूक प्रश्न आहे. अमिनो टोकाचा सायलेन पीएलएच्या आम्लटोकांना धरतो, पण तो अल्कधर्मी, आणि अल्क पीएलएची माळ तोडायला मदत करतं. फुग्यांची काचही मुळात थोडी अल्कधर्मी असते. इपॉक्सी टोकाचा सायलेन पीएलएच्या दोन्ही टोकांशी जुळू शकतो, म्हणून बरेचदा मला तो जास्त शहाणा पर्याय वाटतो.

हात दिलेल्या फुग्यांच्या मोडीचं चित्र पालटतं. फुग्यांच्या अंगावर प्लास्टिकच्या चिंध्या लागलेल्या दिसतात आणि स्वच्छ खळग्या कमी होतात. ताकदीची घसरण बरीच थांबते. तरी इथे जास्तीचं काही कबूल करू नये: गोल फुगा ताठपणा आणि हलकेपणा देतो, ताकद वाढवणं त्याचं काम नाही. त्यासाठी तंतूच हवा, आणि तिथे सांध्याला आणखी मोल येतं. काँक्रीटमध्ये सळई पुरेशी लांब गाडली नाही तर ती तुटण्याआधी उपसून येते, हे सेंटरिंगवालाही सांगतो. १० मायक्रॉन जाडीचा काचतंतू साध्या पकडीत अर्ध्या मिलिमीटरहून आखूड असला तर असाच उपसून येतो. पकड दुप्पट झाली की पाव मिलिमीटरचाही कामाला येतो. मोल्डिंग यंत्राच्या स्क्रूमधून बाहेर पडताना तंतूंची लांबी नेमकी याच हिशोबात, पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, उरते. त्यामुळे त्या २० नॅनोमीटरवरच ठरतं की तंतू ओझं वाहतील की नुसते ओझं होऊन बसतील. आणि माझ्या बसलेल्या पेल्याचा प्रश्न काच एकटी सोडवत नाही. पीएलए साच्यात हळू थंड करून त्याचे स्फटिक बनू दिले आणि जोडीला तंतू असले, तरच ते शंभर अंशांपुढे ताठ राहतं.

प्लुडमन यांच्या विचारातली सगळ्यात सुंदर गोष्ट मला ही वाटते, की सायलेनचा सांधा पाण्यापुढे अभेद्य नसतो. ओलाव्यात तो सुटतो आणि पुन्हा जुळतो, सतत. शेजारचे सांधे धरून असतात तोवर सुटलेल्याला परत जुळायला संधी मिळते. टिकाऊपणा म्हणजे कधीच न सुटणं असं आपण समजतो. इथे सुटून पुन्हा धरत राहणं हाच टिकाऊपणा आहे. पण हे चालतं ते भोवतीचं प्लास्टिक शाबूत असेपर्यंत. साध्या पॉलिएस्टर राळेच्या बोटीत ते वर्षानुवर्षं शाबूत असतं. पीएलए तर आपण पाण्याने सुटावं म्हणूनच निवडलेलं.

या वस्तूतला खरा पेच हा आहे. वापरात असताना पाणी आत येऊ नये म्हणून काचेचा हात धरायचा आणि वापर संपल्यावर पाणी आत यावं म्हणून वाट पाहायची. सांधा जितका पक्का, तितकं पाणी उशिरा शिरतं. कच्च्या सांध्याच्या वस्तू लवकर विघटित होतात, पण त्या वापरातही लवकर दगा देतात.

विघटनाच्या चाचणीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. औद्योगिक कंपोस्टिंगच्या मानकांप्रमाणे ५८ अंशांच्या आसपासच्या ढिगात १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त माल उरता कामा नये, आणि सहा महिन्यांत त्यातल्या सेंद्रिय कार्बनचा ९० टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन जायला हवा. २० मायक्रॉनचा फुगा चाळणीतून आपोआप खाली जातो. काचेत कार्बन नसतो, म्हणून दुसऱ्या हिशोबात ती धरलीच जात नाही. वस्तू परीक्षा पास होते आणि काच जागच्या जागी असते. ती विषारी आहे असं मी म्हणत नाही. गच्चीवरच्या बागेसाठी आपण जो पांढरा परलाइट आणतो, तोही ज्वालामुखीची फुगवलेली काचच. पण ‘जैवविघटनशील’ हा शब्द वाचून सगळं काही मातीत मिळून जाईल असं ज्याला वाटतं, त्याची फसगत होते. शिवाय घरच्या खड्ड्यात ५८ अंश सहसा होत नाहीत. तिथे पीएलएचा पेला महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. म्हणून एकदा वापरून टाकायच्या वस्तूत काच घालूच नये, असं माझं ठाम मत आहे.

काचेलाही विरघळवता येतं, हे मात्र एका ठिकाणी साधलं आहे. तिथे तापमान ३७ अंश आणि पाणी भरपूर. ते ठिकाण म्हणजे आपलं शरीर. फ्लोरिडा विद्यापीठातल्या लॅरी हेंच यांना १९६७ मध्ये बसमध्ये शेजारी बसलेल्या, व्हिएतनामहून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने विचारलं, की शरीर नाकारणार नाही असं काही तुम्ही करू शकता का? १९६९ मध्ये हेंच यांनी केलेल्या काचेत सिलिका फक्त ४५ टक्के होती. खिडकीच्या काचेत ती सत्तरच्या वर असते. या काचेला रक्तातल्या पाण्याने स्पर्श केला की तिच्यातले सोडियम, कॅल्शियम बाहेर येतात, पृष्ठभागावर हाडातल्या खनिजासारखाच थर बसतो, आणि हाड तिला आपलंसं करतं. पूर्ण विरघळणाऱ्या फॉस्फेट काचेचे तंतूही निघाले. पीएलएमध्ये असे तंतू घालून मोडलेल्या हाडासाठी पट्ट्या करण्यावर इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठात बरंच काम झालं आहे. पायात घातलेली धातूची प्लेट वर्ष-दीड वर्षाने काढायला ज्यांना पुन्हा ऑपरेशन टेबलावर झोपावं लागलं, त्यांना याचं मोल सांगायला नको.

तिथेही अडचण तीच निघाली. सुरुवातीला हाडाच्या तोडीचा ताठपणा असलेली पट्टी पाण्यात ठेवल्यावर फार लवकर ढिली पडते, कारण पाणी तंतूच्या कडेने आत धावतं. प्लास्टिक ठीक, काच ठीक, मधला सांधा आधी जातो. हाड जुळायला महिने लागतात. म्हणून संशोधक आता सांध्यालाच महिने मोजायला शिकवत आहेत: काचेत थोडं लोह किंवा बोरॉन घालून तिचं विरघळणं मंद करायचं, तंतूवर सायलेनचा किंवा पीएलएच्याच आखूड माळांचा लेप द्यायचा.

मोटारीच्या, ड्रोनच्या, फर्निचरच्या भागांसाठी मला कंपोस्टपेक्षा दुसरा रस्ता जास्त सरळ वाटतो. दाबाखाली दीडशेहून अधिक अंशांवर तापवलेल्या पाण्यात पीएलएच्या माळा काही तासांत पूर्ण सुटतात आणि पुन्हा लॅक्टिक आम्ल हाती येतं, नवं प्लास्टिक करायला लायक. भोसरीच्या त्या यंत्रात जे पाणी शत्रू होतं, तेच इथे कारागीर असतं. आणि फुगे? जे शाबूत राहिले, ते थंड झालेल्या आंबट पाण्यावर तरंगून येतील, दुधावरच्या सायीसारखे, आणि झाऱ्याने काढून घ्यावे लागतील.